पाणी किती फूट?

आमच्या दारात ४३ फुटांना पाणी येतं. बाहेरगावच्या माणसाला हे वाक्य समजणार नाही, पण सांगलीत नदीकडच्या बाजूला राहणारा प्रत्येक जण आपल्या घराचा असा आकडा सांगतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट ही इशारापातळी आणि ४५ फूट धोक्याची. पावसाळ्यात दोन बायका भेटल्या की आधी आयर्विनला किती झालं ते विचारतात, मग बाकीचं. म्हणूनच माझ्या धाकट्यानं हा प्रश्न दिवसभर विचारायला सुरुवात केली तेव्हा त्यात काही वेगळं आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तो ७ वर्षांचा होता, दुसरीत. सासूबाईंचा हिशोब २००५ च्या पुरावर बसलेला. तेव्हा खालचा मजला गेला होता, पण वरच्या खोलीत पाणी आलं नव्हतं. म्हणून आम्ही सामान वर चढवलं आणि थांबलो. त्या वर्षी आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं. वरच्या खोलीत पाणी शिरलं तसे आम्ही गच्चीवर गेलो. रात्रभर पाऊस, वीज नाही, प्यायचं पाणी संपत आलेलं. दुसऱ्या दिवशी बोट आली. बोटीत उतरताना सासूबाईंचा पाय सटकला आणि त्या कमरेपर्यंत पाण्यात गेल्या. जवानांनी लगेच ओढून घेतलं, सगळं दोन-चार क्षणांत झालं. धाकटा माझ्या कडेवर होता. रडला नाही, काही बोलला नाही.

विश्रामबागेत नणंदेकडे पोचलो आणि ८ तारखेला ब्रह्मनाळची बातमी आली. पुरातून माणसं बाहेर काढणारी बोटच उलटली होती. त्या घरात आम्ही दहा-बारा मोठी माणसं. टीव्ही दिवसभर चालू, बोलणं दिवसभर तेच. कोण वाहून गेलं, कुणाच्या कडेवर मूल होतं. आदल्याच दिवशी तशाच बोटीतून आलेला माझा मुलगा टीव्हीसमोर सतरंजीवर खेळण्यातली गाडी फिरवत बसला होता. त्याचं लक्ष खेळात आहे, असं मला वाटलं.

नंतरचे दोन महिने गाळ, फिनेल, पंचनामा आणि ओल्या कागदपत्रांत गेले. त्याला काय वाटलं, हे विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मला आजही सगळ्यात जास्त खंत याचीच आहे.

मग करोना आला आणि शाळाच बंद झाल्या. तो घरात, आम्ही घरात, त्यामुळे काही दिसलं नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, ५४ फुटांच्या वर. त्या वेळी आम्ही वेळेत निघालो, पण घर पुन्हा बुडालं. जून २०२२ मध्ये तो पाचवीत गेला आणि शाळा नेहमीसारख्या सुरू झाल्या. पहिल्याच आठवड्यात त्याच्या पोटात दुखायला लागलं.

सकाळी सहाला उठायचा, दूध प्यायचा, गणवेश घालायचा आणि बूट हातात घेतले की पोट धरून बसायचा. कधी उलटी. साडेनऊ-दहा वाजले, शाळेची वेळ टळली की दुखणं थांबायचं. रविवारी दुखायचं नाही. आमच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग आम्लपित्ताचं. सोनोग्राफी केली, त्यात पोटात बारीक गाठी दिसल्या म्हणून आम्ही घाबरलो, तर बालरोगतज्ज्ञ म्हणाले, या वयात अशा गाठी पुष्कळ मुलांत दिसतात, त्यांचा संबंध नाही. सासूबाईंनी मीठमोहरीनं दृष्ट काढली. शाळेतून निरोप आला की घरात लाड जास्त होताहेत. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. दहा वर्षांचा मुलगा पहाटे उठून चादर बादलीत घालायचा, म्हणजे ताईला कळू नये.

आणि दिवसभर तो प्रश्न. आई, पाणी किती फूट? कोयनेतून सोडलंय का? अलमट्टीचं काय? मी शाळेत असताना आलं तर मला कोण न्यायला येणार? आजीला कोण उचलणार?

एका सकाळी ह्यांचा संयम संपला. पहिल्या पाळीला उशीर होत होता. त्याला बखोटीला धरून गाडीवर बसवलं, तो उतरला, त्यांनी दोन थपडा दिल्या आणि तसाच रडता शाळेच्या फाटकात सोडला. अर्ध्या तासात शाळेचा फोन, याला उलट्या होताहेत, घेऊन जा. त्या दिवसानंतर त्यानं बापाशी बोलणं टाकलं.

बालरोगतज्ज्ञांनी जुलैतच सुचवलं होतं की एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आम्ही ऑक्टोबरपर्यंत गेलो नाही. घरात वाद झाले. ह्यांचं म्हणणं, कुपवाडच्या कारखान्यात कुणाला कळलं तर पोराला लोक वेडा म्हणतील. माझं म्हणणं वेगळं नव्हतं, फक्त मी ते बोलत नव्हते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारची टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत करणारी सेवा, सुरू झाल्याची बातमी आली. १४४१६ हा नंबर, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालतो. मी एका रात्री अकराला मोरीत जाऊन, दार लावून फोन केला. मराठी बोलणारी एक मुलगी होती. तिनं मला मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शाळेच्या सुट्टीत दुखतं का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "म्हणजे तो नाटक करतो असं नाही हं. भीती वाटली की पोट खरंच दुखतं. पण त्याला प्रत्यक्ष तपासायला हवं." मी मोरीतच बसून रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की माझा मुलगा खोटं बोलत नाहीये.

मिरजेतल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिली भेट दीड तासाची झाली. आधी आम्ही दोघं, मग तो एकटा, मग सगळे. डॉक्टरांनी जन्मापासूनचं विचारलं. झोप, भूक, लघवी, चष्मा, ऐकू नीट येतं का, अभ्यासात अक्षरं उलटी दिसतात का, शाळेत कुणी त्रास देतं का, कुणी नको तिथं हात लावतं का. मरून जावंसं वाटतं का, हेही त्याला विचारणार असल्याचं त्यांनी आम्हाला आधीच सांगितलं. मी दचकले, म्हटलं, असं विचारून त्याच्या डोक्यात काही भलतं शिरेल. ते म्हणाले की विचारल्यानं असं काही शिरत नाही, उलट मनात असेल तर सांगायला वाट मिळते. त्याच्या मनात तसं नव्हतं. पण तो उत्तर देत होता त्या दोन मिनिटांत बाहेरच्या बाकावर बसलेल्या ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

गोळ्या लगेच दिल्या नाहीत. आधी बोलून, सरावानं उपचार करू, काही आठवड्यांत झोप आणि शाळा यांत फरक पडला नाही तर औषधाचा विचार करू, असं म्हणाले. आम्हाला पुढे औषध लागलं नाही. ज्यांना लागतं त्यांनी ते घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. त्याच बाकावर भेटलेल्या एका आईच्या मुलीला गोळ्यांनीच झोप परत मिळाली होती. मग दर शनिवारी त्याच दवाखान्यातल्या मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे जायला सुरुवात झाली. आम्हाला वाटलं होतं, मुलाला आत सोडायचं, आपण बाहेर थांबायचं, क्लाससारखं. पण पहिला गृहपाठ मिळाला तो आम्हाला.

एक आठवडा काही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. तो पाण्याबद्दल किती वेळा विचारतो आणि आपण काय उत्तर देतो. मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीनं रेघा मारायला लागले. मंगळवारी ४३ रेघा झाल्या. आमच्या दाराचाच आकडा. ऑक्टोबर संपत आलेला, नदी पात्रात, आणि माझा मुलगा ४३ वेळा विचारत होता. आणि आम्ही ४३ वेळा उत्तर देत होतो. काही नाही होत रे. पाणी नाहीये. बघ, मोबाइलवर बघ. नाही येणार.

मॅडमनी समजावलं ते असं. उत्तर मिळालं की त्याला पाच-दहा मिनिटं बरं वाटतं. पण त्यातून त्याचं मन शिकतं की उत्तर मिळालं म्हणून मी वाचलो, म्हणजे पुढच्या वेळी उत्तर हवंच. शाळा टळली की पोट थांबतं, म्हणजे शाळा टाळणं हाच उपाय. आम्ही मायेपोटी जे जे करत होतो, त्यातलं निम्मं त्याच्या भीतीला खाऊ घालत होतं. हे ऐकून मला फार लागलं. मॅडम म्हणाल्या, "तुमचा दोष काढत नाहीये मी. सगळे आईबाप हेच करतात. आता फक्त हात थोडा मागे घ्यायचा."

ठरलं ते असं की रोज संध्याकाळी सातला दहा मिनिटं पाण्याबद्दल बोलायचं. आकडा बघायचा, प्रश्न विचारायचे, मनातलं वाईटात वाईट सांगायचं. एरवी विचारलं तर एकच वाक्य: "तुला भीती वाटतेय ते मला कळतंय, पाण्याचं आपण सातला बोलू." पुढे काही नाही. हे वाक्य म्हणणं किती अवघड आहे, ते म्हणून बघितल्याशिवाय कळणार नाही. पहिल्या दिवशी तो ओरडला, दाराला लाथा मारल्या, माझ्या पदराला धरून दीड तास मागे फिरला. मी भाकऱ्या थापत होते आणि डोळ्यांतलं पाणी परातीत पडत होतं. दुसऱ्या दिवशी सव्वा तास. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की सुरुवातीला वाढेल, तेव्हा मोडू नका. ते सांगितलं नसतं तर मी तिसऱ्याच दिवशी मोडले असते.

पण चौथ्या-पाचव्या दिवशी तो एकदम शांत झाला, तेव्हा मला संशय आला. सासूबाई त्याला देवघरात बोलावून गुपचूप आकडा सांगत होत्या. मी रागावले. त्याही रडल्या. म्हणाल्या, "लेकरू तळमळतंय नि तू भाकरी थापतीस?" पुढच्या शनिवारी मॅडमनी त्यांना बोलावलं. त्या दिवशी जे निघालं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंच्या पलंगाखाली २०१९ पासून एक पिशवी भरलेली होती. दोन लुगडी, औषधं, घराचा उतारा, सासऱ्यांचा फोटो आणि एक दोर. दर पावसाळ्यात रात्री दोन-तीनदा उठून त्या गटारीत पाणी उलटं येतंय का ते बघायच्या. धाकटा त्यांच्याच शेजारी झोपायचा. मग मीही कबूल केलं की रात्री पाऊस वाढला की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. ह्यांच्या मोबाइलवर पाणीपातळीचे चार ग्रुप होते, टिंग वाजलं की घरातली चारही डोकी वर व्हायची. आणि आम्ही सगळे मिळून त्या पोराला सांगत होतो, घाबरायचं काही कारण नाही.

तेव्हापासून घरात खोटा धीर देणं बंद झालं. ग्रुप आवाज बंद करून ठेवले. पुराच्या बातम्या मुलांसमोर लावायच्या नाहीत असं ठरलं. सासूबाईंनी आपली पिशवी पलंगाखालून काढून सगळ्यांना दिसेल अशी कपाटावर ठेवली.

मॅडमची एक गोष्ट मला फार पटली. पूर येणार नाही, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. सांगलीत पूर येतो. जो येतो त्याला येत नाही कसं म्हणायचं? त्याऐवजी त्यांनी आमच्याकडून एक तक्ता करून घेतला, जेवणाच्या टेबलावर बसून, पाचही जणांनी. आयर्विनला ३० फूट झालं की कागदपत्रं नणंदेकडे पाठवायची. ३५ ला गॅसची टाकी, शिलाई मशीन, धान्य वर. ३८ ला घर सोडायचं, रात्र असो की दिवस, कुणी वाद घालायचा नाही. शाळेतून कोण आणणार, तर आत्याचे यजमान, त्यांची शाळा जवळ. आजीला कोण धरणार, बाबा. धाकट्याचं काम स्वतःचं दप्तर आणि आजीची औषधांची डबी. तो तक्ता त्यानं स्वतः रंगीत पेनानं लिहिला. त्या रात्री अंथरूण कोरडं राहिलं. दुसऱ्या रात्री नाही राहिलं, पण ती एक रात्र आम्ही विसरलो नाही.

नोव्हेंबरपासून शाळेचा जिना सुरू झाला. भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि कमी गुणांच्या पायरीपासून चढायचं. पहिली पायरी, गणवेश घालून शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन उभं राहायचं. त्याला ८ गुण. नियम एकच होता, भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. आम्ही पंचवीस मिनिटं उभे होतो, तो दर थोड्या वेळानं आकडा सांगत होता. आठ. आठ. सात. सहा. चार. "आई, खाली आली," म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच नवल वाटलं. मग प्रार्थनेपुरतं, मग एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. शाळेत नव्या वर्गशिक्षिका आल्या होत्या. त्यांनी त्याला दाराजवळचा बाक दिला आणि फार घाबरला तर पाच मिनिटं वाचनालयात जाऊन परत यायची मुभा दिली. घरी पाठवायचं नाही, एवढं मात्र पक्कं. जानेवारीच्या शेवटी तो पूर्ण दिवस बसला.

फेब्रुवारीत नदी अगदी बारीक असते. तेव्हा सरकारी घाटावर गेलो. पायऱ्यांवर बसलो, भडंग खाल्लं, शेवटच्या पायरीवर उतरून पाण्यात पाय घातले. सासूबाईंनी ओंजळभर पाणी घेऊन नदीला हात जोडले. त्यांनी २०१९ नंतर नदीकडे पाठच केली होती, हे मला तिथं कळलं.

ह्यांचं आणि त्याचं बोलणं सुरू व्हायला मात्र वेळ लागला. मॅडमनी ह्यांना सांगितलं होतं, माफी मागायची तर कारणं न सांगता मागा. त्यांना ते जमत नव्हतं. एका रात्री गच्चीवर दोघं टाकीचं झाकण बसवत होते. मी जिन्यात होते. हे म्हणाले, "मी तुला मारलं ते चुकलं. तुझ्या पोटात खरंच दुखत होतं." बराच वेळ आवाज नाही. मग तो म्हणाला, "लय दुखत होतं." एवढंच. मग झाकण बसवल्याचा आवाज आला.

या सगळ्यात थोरली मागे पडली. ती आठवीत होती, शहाणी, समजूतदार, म्हणून आम्ही तिच्यावर विसंबलो. मार्चमध्ये एकदा तिला ताप आला तर तिनं सांगितलंच नाही, स्वतः गोळी घेऊन झोपली. विचारलं तर म्हणाली, "तुमच्याकडे वेळ कुठंय?" त्या गच्चीवर तीही होती, आजीचा पाय तिनंही बघितला होता. तेव्हापासून रविवारची सकाळ फक्त तिची. बाबा तिला सायकलवरून हरिपूरला नेतात, तिला बोलायचं असेल तर बोलते, नसेल तर नाही. मला हे दोन वर्षं आधी कळायला हवं होतं.

जून २०२३ मध्ये पहिला पाऊस पडला आणि दोन आठवडे सगळं पुन्हा सुरू झालं, पोट, अंथरूण, रेघा. मी हादरले. मॅडम शांत होत्या. म्हणाल्या, जिना तोच आहे, फक्त पुन्हा चढायचा, या वेळी लवकर होईल. झालं. दिनदर्शिकेवर २६ रेघांच्या ६ व्हायला गेल्या वर्षी दोन महिने लागले होते, या वर्षी वीस दिवस.

जुलै २०२४ मध्ये कृष्णा पुन्हा वाढली. धाकटा आता १२ वर्षांचा, सातवीत. ३० ला कागदपत्रं गेली, ३५ ला मशीन वर गेलं. पातळी ३८ कडे सरकली त्या दुपारी आम्ही कुलूप लावलं. त्याचं दप्तर तयार होतं, औषधांची डबी हातात. ओठ पांढरे पडले होते आणि रिक्षात त्यानं माझा हात धरला. "किती गुण?" मी विचारलं. "सात," म्हणाला. मी म्हटलं, माझेही सहा आहेत. पाणी त्या वेळी ४० च्या आसपास जाऊन उतरलं, दारात आलंच नाही.

पण ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं. त्या संध्याकाळी नणंदेच्या घरी पाऊस कौलांवर वाजत होता. सासूबाई पलंगावर पाय जवळ घेऊन बसल्या होत्या. जपमाळ हातात, पण मणी पुढे सरकत नव्हता.

"किती फूट झालं रं?" त्यांनी विचारलं.

तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला. खिडकीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"भ्या वाटतंय व्हय आजी?"

"व्हय बाबा."

"मला पण," तो म्हणाला. "सातला बघू. तोवर इथंच बसतो मी."